दाब राखून उपसा
(प्रस्तावना)

बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशला तेल निघत नाही, वायूही निघत नाही. बालाघाटाच्या या पठारावर कुठंही बोअर घ्या, वरचा मुरूम संपला की काळा कातळ लागतो आणि खाली कातळच लागत राहतो. पाचशे-सातशे फूट गेल्यावर एखाद्या फटीत ओल सापडली तर सापडली, नाहीतर गाडीवाल्याचे पैसे देऊन घरी यायचं. अशा गावात बसून अरबी समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्रांवर मराठीत पुस्तक लिहिण्याचं कारण काय, हे वाचकाला आधी सांगायला हवं.

पहिलं कारण पायाखालीच आहे. आपल्या शिवारातला हा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झाला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि तो सह्याद्रीपाशी संपत नाही. कोकणाखालून जात तो समुद्रात उतरतो. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय नावाचा जो समुद्रतळाखालचा उंचवटा आहे, त्याच्या बुडाशी असलेल्या जुन्या खडकांत ग्रॅनाइटसारख्या खडकांबरोबर हा दख्खनचा कातळही आहे. फरक पडला तो नंतर. आपल्याकडं कातळ उघडाच राहिला, झिजला, त्याची काळी माती झाली. तिकडं त्याच्यावर उथळ, उबदार समुद्र आला. त्या समुद्रातल्या शिंपल्यांचे आणि सूक्ष्म जीवांचे अवशेष साचून चुनखडीचे जाड थर बसले. आसपासच्या खोलगट भागांत गाडल्या गेलेल्या सेंद्रिय गाळातून तयार झालेलं तेल आणि वायू वर सरकत आले आणि या चुनखडीच्या छिद्रांत अडकले. वरून चिकणमातीच्या खडकाचं झाकण होतं, म्हणून ते तिथंच राहिले.

दुसरं कारण शेतात आहे. जून लागला की मराठवाड्यातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रासमोर जी रांग लागते, ती युरियाची. ४५ किलोची, नीम कोटेड, साधारण २६६ रुपयांची गोणी. २०२२ च्या अखेरीपासून कुठल्याही कारखान्याची असली तरी तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘भारत’ असंच लिहिलेलं असतं, पण खाली बारीक अक्षरात कारखान्याचं नाव असतं. बहुतेक जण ते वाचत नाहीत. वाचलं, तर पुष्कळदा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आरसीएफ, हे नाव दिसेल. या कंपनीचा मोठा युरिया कारखाना अलिबागजवळ थळला आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात तो सुरू झाला, आणि सुरू झाला तो मुंबई हायचा वायू उरणला येऊ लागला म्हणूनच.

गोणी उघडून मूठभर दाणे हातावर घ्या. पांढरट, थोडे पिवळसर, नीम तेलाचा उग्र वास असलेले, घामट तळहाताला लगेच चिकटणारे. त्यात ४६ टक्के नायट्रोजन आहे. तो हवेतूनच घेतलेला असतो, आणि हवा फुकट आहे. पण हवेतला नायट्रोजन पिकाला जसाच्या तसा घेता येत नाही, त्याला हायड्रोजनशी बांधून अमोनिया करावा लागतो. हा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून येतो. वायूवर वाफ सोडून हायड्रोजन सुटा करतात, नायट्रोजनशी जोडून अमोनिया करतात, आणि त्याच प्रक्रियेत सुटलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा अमोनियाशी जोडून युरिया करतात. म्हणजे वायू इथं फक्त भट्टी पेटवत नाही, तो स्वतःच दाण्यात उतरतो. युरिया तयार करण्याच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा वायूचाच असतो. आपण २६६ रुपये देतो आणि उरलेला खर्च सरकार अनुदान म्हणून भरतं. समुद्रातला वायू कमी पडला की बाहेरून जहाजानं आणलेला द्रवरूप वायू, एलएनजी, वापरावा लागतो. आज देशातल्या खत कारखान्यांना त्याचा मोठा आधार घ्यावाच लागतो. तो डॉलरमध्ये येतो आणि युद्ध कुठंही पेटलं तरी महाग होतो. दुकानदार युरियाबरोबर नको असलेलं दुसरं खत गळ्यात मारतो, ज्याला आपल्याकडं सरळ ‘लिंकिंग’ म्हणतात, त्या टंचाईची एक मुळी समुद्राच्या तळापर्यंत जाते. दुकानदाराच्या लबाडीला ही सबब होऊ शकत नाही. पण टंचाई का येते हे शेतकऱ्याला कळलं पाहिजे.

तेलाच्या शोधाची गोष्ट मराठीत पुरेशी सांगितली गेली नाही, म्हणून पुढच्या पहिल्या प्रकरणात ती सविस्तर दिली आहे. इथं तिचा सांगाडा पुरे. १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग (आजची ओएनजीसी) स्थापन झाला. केंद्रीय मंत्री केशवदेव मालवीय यांनी परदेशी कंपन्यांचा ‘भारतात तेल नाही’ हा निष्कर्ष मानायला नकार दिला आणि सोव्हिएत तज्ज्ञांची मदत घेतली. १९६० मध्ये गुजरातेत अंकलेश्वरला तेल लागलं. १९६० च्या दशकात ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजानं खंबायतच्या आखाताचं आणि लगतच्या समुद्राचं भूकंपीय सर्वेक्षण केलं आणि मुंबईसमोरचा तो उंचवटा नकाशावर आला. जपानमध्ये बांधलेली ‘सागर सम्राट’ ही रिग १९७३ मध्ये आली, फेब्रुवारी १९७४ मध्ये तिनं तेल शोधून काढलं, आणि २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. शोधापासून उत्पादनापर्यंत सव्वादोन वर्षं, तेही सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात, ज्या देशानं त्याआधी खुल्या समुद्रात एकही तेलक्षेत्र उभं केलं नव्हतं त्या देशात. शोधाच्या काही महिनेच आधी, १९७३ च्या ऑक्टोबरनंतर, जगात तेलाचे भाव चौपट झाले होते.

एक रुपयाची जुनी नोट कुणाच्या आहेराच्या पाकिटात किंवा देवघराच्या डबीत सापडली, तर तिची मागची बाजू पाहा. नाण्याच्या चित्राबरोबर समुद्रात पाय रोवून उभी असलेली एक रिग दिसेल. ती सागर सम्राट. नंतर या रिगचं रूपांतर फिरत्या उत्पादन केंद्रात करण्यात आलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती मुंबईच्या पश्चिमेला एका लहान क्षेत्रसमूहावर पुन्हा उभी राहिली. तिच्यामुळे दिवसाला सुमारे ६ हजार बॅरल तेलाची भर पडेल, असं तेव्हा सांगण्यात आलं. हा आकडा लहान आहे. पण जुन्या क्षेत्राचं उत्पादन वाढतं ते असंच, थोडं इथून, थोडं तिथून, जुन्या सांगाड्यात नवी यंत्रं बसवून.

आता पुस्तकाच्या मुख्य विषयाकडे येतो. मोठ्या तेल-वायू क्षेत्राचं उत्पादन वाढवायचं म्हणजे नक्की काय करायचं? वर्तमानपत्रातली बातमी ‘नव्या विहिरी खोदणार’ एवढ्यावर थांबते. खोदण्याला महत्त्व आहेच. पण खडकात अडकलेलं तेल आपोआप वर येत नाही, त्याला दाब ढकलतो. हा दाब निसर्गानं लाखो वर्षांत साठवलेला असतो आणि आपण तो काही दशकांत उतरवतो. बोअर असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला यातला अर्धा भाग अनुभवानं ठाऊक आहे. एका पट्टीत सात-आठ बोअर झाले आणि सगळ्यांनी रात्रंदिवस मोटारी चालवल्या की पहिल्या वर्षी सगळ्यांचं पाणी वाढल्यासारखं वाटतं, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात सगळेच गुळण्या टाकू लागतात. बोअरला निदान पावसाची आशा असते. तेलाच्या खडकात पाऊस पोचत नाही.

मुंबई हायवर हेच घडलं, आणि याची चर्चा मराठीत व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. १९८० च्या दशकात हे क्षेत्र देशाचा सर्वांत मोठा आधार होतं. त्याच्या जोरावर देशाची तेलाची बरीचशी गरज घरच्या घरी भागत होती. आज आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या दशकाची उंची कळते. त्या उंचीवर लक्ष्यं सारखी वाढत गेली आणि विहिरी जोरात चालवल्या गेल्या. देशाचं कच्च्या तेलाचं उत्पादन १९८९-९० मध्ये सुमारे ३४ दशलक्ष टन होतं. १९९२-९३ मध्ये ते सुमारे २७ दशलक्ष टनांवर आलं. या घसरणीला कारणं अनेक होती, पण घाईच्या उपशानं साठ्याचा दाब उतरला आणि विहिरींत तेलाऐवजी वायू जास्त येऊ लागला, हे कारण जाणकारांनी तेव्हापासून वारंवार मांडलेलं आहे. आणि वेळ कोणती, तर १९९१ ची, सोनं गहाण ठेवून परकीय चलन आणण्याची.

तेलाच्या विहिरीतून वायू जास्त येऊ लागला तर त्यात वाईट काय, असा प्रश्न इथं कुणीही विचारेल. तेलात विरघळलेला किंवा तेलावर टोपीसारखा बसलेला वायूच तेलाला ढकलत असतो. तो आधी निसटला तर मागं राहिलेलं तेल जड आणि दमलेलं होतं. मग ते काढायला समुद्राचं पाणी गाळून, त्यातला प्राणवायू आणि जंतू काढून, उच्च दाबानं खडकात सोडावं लागतं, म्हणजे ते तेलाला विहिरीकडं रेटतं. मुंबई हायवर हे जलभरण १९८० च्या दशकातच सुरू झालं. २००० नंतर उत्तर आणि दक्षिण भागांच्या पुनर्विकासाचे टप्पे हाती घेतले गेले. जुन्या विहिरींच्या मध्ये नव्या विहिरी, जुन्याच विहिरीतून बाजूला फोडलेल्या वाटा, चुनखडीच्या थरात आडव्या नेलेल्या विहिरी, तेल वर उचलायला वायूची मदत. या प्रयत्नांनी घसरण थांबली नाही, पण तिचा वेग कमी झाला. एवढं मोठं काम ‘उत्पादन घटलं’ या दोन शब्दांत मोडीत काढणं अन्यायाचं आहे.

वायूच्या क्षेत्राचा हिशेब आणखी नाजूक असतो, आणि या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्याच्यावर आहे. मुंबई हाय आणि किनारा यांच्या मधे वसई क्षेत्र आहे. ते १९७६ मध्ये सापडलं आणि १९८८ पासून तिथून वायू येऊ लागला. दीर्घकाळ ते देशातलं सर्वांत मोठं वायूक्षेत्र होतं. तिथला वायू आंबट आहे, म्हणजे त्यात हायड्रोजन सल्फाइड आहे. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू थोडा असेल तेव्हाच नाकाला कळतो. जास्त झाला की आधी नाकच बधिर होतं आणि माणूस सावध व्हायच्या आत पडतो. वसईचा वायू जवळच्या मुंबईला न आणता समुद्राखालच्या दोनशे किलोमीटरहून लांब नळानं सुरतजवळ हजिराला नेला जातो. तिथं त्यातलं गंधक वेगळं काढतात. पुढं हजिरा-विजयपूर-जगदीशपूर नळातून तो वायू मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या खत कारखान्यांना आणि वीज केंद्रांना गेला. महाराष्ट्रासमोरच्या समुद्रातला वायू उत्तरेच्या शेतीला गेला, ही तक्रार मी ऐकलेली आहे. मला ती पटत नाही. समुद्र देशाचा आहे, आणि त्या खतावर तिकडं पिकलेला गहू आपल्या रेशनच्या दुकानातही येतोच. मात्र मराठवाड्यापर्यंत वायूचा नळ यायला इतकी दशकं का लागली, हा प्रश्न मी सोडत नाही. समृद्धी महामार्गाच्या कडेनं नागपूरकडे जाणारा नळ तर अगदी अलीकडचा आहे.

हजिराला वायूबरोबर एक पातळ द्रवही पोचतो. तो कंडेन्सेट. काळ्या, घट्ट कच्च्या तेलाशी त्याचं काही साम्य नाही. जवळजवळ पाण्यासारखा, फिकट गवती रंगाचा, हलका, पेट्रोलसारखा झणझणीत वास असलेला. तो शुद्ध करायला मोठी रिफायनरी लागत नाही. हजिराच्या संयंत्रातच त्यातून नाफ्था, रॉकेल, विमानाचं इंधन वेगळं काढतात, आणि वायूतून स्वयंपाकाचा गॅस. टनामागे पाहिलं तर हा द्रव वायूपेक्षा जास्त मोलाचा असतो.

आणि तोच सर्वांत सहज हातचा जातो. खोल खडकात प्रचंड दाब आणि उष्णता असते, तेव्हा हा द्रव वेगळा नसतोच, तो वायूत मिसळलेला असतो. विहीर चालू झाली, दाब उतरू लागला आणि एका ठरावीक मर्यादेच्या खाली गेला, की खडकाच्या आतच त्याचे थेंब सुटू लागतात. आपल्या रोजच्या अनुभवाच्या हे उलट आहे. दाब कमी झाला की द्रवाचा वायू होतो असं आपण धरून चालतो, इथं दाब कमी झाला की वायूचा द्रव होतो. हे थेंब छिद्रांच्या भिंतींना चिकटतात आणि वाहत नाहीत. विहिरीलगतच्या खडकात दाब सर्वांत कमी, म्हणून तिथंच ते सर्वांत जास्त साचतात, आणि मागून येणाऱ्या वायूची वाटही अडवतात. म्हणजे जोरानं उपसणाऱ्याचं दोन्हीकडून नुकसान. मोलाचा द्रव खडकात कायमचा अडकतो आणि वायूही कमी येतो.

यावर मुख्य उपाय म्हणजे दाब त्या मर्यादेखाली जाऊ न देणं. जगातल्या काही मोठ्या कंडेन्सेट क्षेत्रांत त्यासाठी वर आलेल्या वायूतून द्रव काढून घेतात आणि कोरडा वायू पुन्हा खडकात ढकलतात. कझाकस्तानातलं कराचागनक क्षेत्र १९७९ मध्ये सापडलं. तिथं वर आलेल्या वायूचा मोठा हिस्सा परत आत सोडला जातो, आणि उत्पादन टिकवण्यासाठी गेल्या काही वर्षांत एकामागून एक नवे कॉम्प्रेसर बसवण्यात आले. हातात आलेला वायू विकायचं सोडून परत जमिनीत घालायचा, यासाठी कंपनीकडं आणि सरकारकडं धीर लागतो. कतारचं नॉर्थ फील्ड जगात सर्वांत मोठं. त्यातून होणारी द्रवरूप वायूची निर्मितीक्षमता वर्षाला ७७ दशलक्ष टनांवरून या दशकाच्या अखेरीस १४२ दशलक्ष टनांवर नेण्याचं काम चालू आहे, आणि त्याच वायूची जहाजं २००४ पासून गुजरातेत दहेजला उतरतात. आपल्या पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरी खोऱ्यात एमजे हे खोल समुद्रातलं कंडेन्सेट क्षेत्र २०२३ मध्ये सुरू झालं. वसईचं स्वरूप या सगळ्यांहून वेगळं आहे, त्यामुळे तिथं उपायही वेगळे पडले. साठ्याचा दाब उतरला तसा वायू नळापर्यंत रेटण्यासाठी समुद्रातच बूस्टर कॉम्प्रेसरचे प्लॅटफॉर्म उभे करावे लागले.

आता ताज्या बातमीबद्दल. मुंबई हायचं उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसीनं २०२४ मध्ये जागतिक निविदा काढली आणि जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. क्षेत्राची मालकी आणि ते चालवण्याची जबाबदारी ओएनजीसीकडेच आहे. बीपीला पहिली दोन वर्षं ठरलेली फी मिळेल आणि त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातला हिस्सा. दहा वर्षांत तेल सुमारे ४४ टक्के जास्त, आणि तेल-वायू मिळून ६० टक्क्यांपर्यंत जास्त निघू शकेल, असं कंपनीनं सांगितलं आहे. हे आकडे वाचताना ‘कशापेक्षा जास्त’ हे पाहावं लागतं. तुलना आजच्या उत्पादनाशी नाही, काहीही नवं केलं नाही तर पुढच्या दहा वर्षांत जे निघालं असतं त्या अंदाजाशी आहे. तो अंदाज ४५.४७ दशलक्ष टन तेलाचा, म्हणजे वर्षाला सरासरी साडेचार दशलक्ष टन. त्यात ४४ टक्के मिळवले तरी सरासरी साडेसहा दशलक्ष टनांच्या आसपास जाते. भरात असताना हे क्षेत्र वर्षाला २० दशलक्ष टनांच्या घरात तेल देत होतं. तेव्हा ‘मुंबई हाय पुन्हा पूर्वीसारखं’ अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नये. तरीही ही वाढ मिळाली तर ती मोठीच असेल. ती रेटून मिळवली की दाब सांभाळून, यावर माझं मत ठरेल. वाढीव बॅरलमागे पैसे मिळणाऱ्या करारात पहिल्या काही वर्षांची घाई होण्याचा धोका असतोच. तो ओळखून साठ्यावर नजर ठेवणारे अभियंते आपल्याच कंपनीत बळकट असले पाहिजेत. १९९० नंतरच्या घसरणीतून घ्यायचा धडा हाच.

उत्पादनाचे आकडे सांगताना माणसं बाजूला पडतात, म्हणून एक प्रकरण फक्त त्यांचं आहे. मुंबई हायवरचे लोक जुहूहून हेलिकॉप्टरनं जातात, चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, अशी त्यांची पाळी असते. २७ जुलै २००५ ला, मुंबई पुरात बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, बोटं कापलेल्या एका स्वयंपाक्याला ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरून उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर घेण्याचा प्रयत्न चालू होता. लाटांत जहाज प्लॅटफॉर्मच्या राइझरवर, म्हणजे उभ्या वायुनळावर, आदळलं, वायू सुटला, आग लागली आणि मुंबई हाय नॉर्थचा अख्खा प्लॅटफॉर्म जळून समुद्रात गेला. २२ जण गेले, ३६२ वाचले. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात नांगर तुटलेली पी-३०५ ही बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. ही बार्ज आणि ‘वरप्रदा’ ही टग मिळून ८० हून अधिक जणांचा जीव गेला. त्यातले बहुतेक कंत्राटी कामगार होते, वेल्डर, फिटर, रिगर, देशभरातल्या खेड्यांतून आलेले. वादळाची सूचना आधीच मिळालेली होती. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या संयंत्रात आग लागून चार जण गेले, त्यांत आग विझवायला धावलेले सीआयएसएफचे जवानही होते. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या जिल्ह्याला कंत्राटी कामातला धोका समजावून सांगावा लागत नाही. मुकादम असो की ठेकेदार, उचल घेतलेल्या माणसाला ‘आज काम बंद’ म्हणण्याचा हक्क नसतो. उत्पादन वाढवण्याच्या प्रत्येक योजनेत हा हक्क कागदावर आणि प्रत्यक्षात असला पाहिजे, असं मी ठामपणे मानतो.

कोळी बांधवांचा प्रश्नही याच प्रकरणात आहे. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं सुरक्षाक्षेत्र असतं, तिथं जाळं टाकता येत नाही. भूकंपीय सर्वेक्षणाच्या काळात पालघरपासून रायगडपर्यंतच्या होड्यांना ऐन हंगामात मागं फिरावं लागलं आहे आणि नुकसानभरपाईसाठी त्यांना वारंवार आंदोलनं करावी लागली आहेत. देशासाठी जागा सोडणाऱ्याला भरपाईसाठी रस्त्यावर यावं लागू नये.

मांजरसुंब्याकडून पाटोद्याकडं जाताना बालाघाटाच्या कडेनं पवनचक्क्या फिरताना दिसतात. मग आता तेल-वायू कशाला वाढवायचा, असं तरुण वाचक विचारतील, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. तापमानवाढीचा चटका बीडसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्याला सर्वांत आधी बसतो. १९७२ चा दुष्काळ आजोबांच्या तोंडून ऐकलेला असला, तरी २०१२-१३ आणि २०१५-१६ चे टँकर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. माझं उत्तर असं आहे. वीज वाऱ्याची आणि उन्हाची करता येते, करावीच. युरियातला हायड्रोजन पाण्यापासून विजेनं काढता येतो, पण आजच्या भावात आणि आजच्या प्रमाणात ते जमायला वेळ लागणार आहे. तोपर्यंत जो वायू लागणारच आहे, तो हजारो किलोमीटरवरून, थंड करून द्रव बनवून, जहाजात घालून आणण्यापेक्षा घरच्या समुद्रातून, न जाळता, न गळू देता काढणं मला योग्य वाटतं. आणि पिकाला न लागणारा युरिया शेतात फेकणं थांबवणं हे त्याच्याही आधी येतं. कपाशीला पान हिरवंगार दिसावं म्हणून टाकलेली जादा गोणी जमिनीत उतरते, विहिरीच्या पाण्यात जाते, आणि तिच्यात गेलेला समुद्रातला वायूही वाया जातो.

हे पुस्तक अभियंत्यांसाठी नाही. त्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. शाळेच्या वरच्या वर्गातली मुलं, आयटीआय आणि पदविकेचे विद्यार्थी, ग्रामपंचायतीचं वाचनालय चालवणारे लोक आणि खताचा हिशेब ठेवणारे शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे. गणित जिथं टाळता येईना तिथं ते पायरी-पायरीनं दिलं आहे. तांत्रिक शब्द कामावरचे लोक जसे बोलतात तसेच ठेवले आहेत. प्लॅटफॉर्मला प्लॅटफॉर्म, राइझरला राइझर. ज्यांना घाई आहे त्यांनी कंडेन्सेटचं प्रकरण आणि माणसांचं प्रकरण, ही दोन आधी वाचावीत.

शिक्षकांना एक विनंती. मुलांना मुंबई हाय हे नकाशावरचा ठिपका म्हणून पाठ करायला लावू नका. शाळेच्या बोअरपाशी न्या, पाणी किती फुटांवर आहे ते दर महिन्याला मोजायला सांगा, आणि त्याचा तक्ता वर्गात लावा. पुढं ‘उत्पादन वाढलं’ अशी बातमी त्यांनी वाचली, की किती वाढलं याच्याबरोबर साठ्याचा दाब किती उरला हे विचारायची सवय त्यांना आतापासून लावा.